आधी कंदील

राजमती चौगुले, वय अठ्ठावन्न, हरिपूर.
मिरजेच्या आमच्या रजिस्टरमध्ये त्या शून्य-चार-सात.
ताप तीन महिन्यांपूर्वी गेला,
जाताना बोटं तशीच सोडून गेला :
कुणीतरी हातातला तांब्या काढून घेतल्यासारखी,
अर्धी मिटलेली.

संमतिपत्र चौदा पानांचं.
दुसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवलं.
"वाचून दावू नगंस, बाई. खरं काय ते सांग."
खरं म्हणजे, मावशी, ही गोळी लागू पडते का
हे आम्हालाच माहीत नाही.
"मग बरं हाय.
ज्यास्नी म्हाईत हुतं, त्यांनी तीन हजार घेतलं."

आणि अंगठा उठवला.
निळ्या शाईला पिवळी कड आली,
चाळीस वर्षं हळद निवडलेल्या अंगठ्याची.

गोळी बघून हसल्या.
"ही? ही तर जंताची!
थोरल्याला शाळेत दिल्याली. फडताळात आसंल अजून अर्धी पट्टी."
ती खाऊ नका हं, मी घाईनं म्हणाले.

माझे वडील कंपाउंडर.
त्यांच्या कपाटात गोळी म्हणजे सरकारी नोकर,
ज्या टेबलावर लागली तिथूनच रिटायर.
आता हिची बदली झालीय, एवढंच, मी म्हटलं.
"कुणी केली?"

मग मी हाताचा तळवा पुढे केला.
एवढीशी ताटली असते, मावशी, प्रयोगशाळेत.
तिला शहाण्णव खड्डे.
प्रत्येकात थोड्या जिवंत पेशी, थोडा विषाणू,
आणि एकेक जुनं औषध विरघळवलेलं :
खाजेचं, फिटचं, रक्तदाबाचं,
ज्यांची जाहिरात आता कुणी करत नाही असली.
बहुतेक खड्ड्यांत सकाळपर्यंत सगळं संपलेलं.
एक-दोन खड्ड्यांत
पेशी तग धरून.

"म्हंजी पेवंच की."

तोंड अरुंद, पोट मोठं,
वीस-पंचवीस फूट खाली हळद.
वर्षानं उघडलं तर माणूस आधी उतरत नाही.
आधी दोरीला कंदील.
कंदील विझला, की माणूस वरच.
"माझा दीर कंदील न सोडता उतरला हुता."
पुढचं वाक्य त्यांनी
हळदीतल्या खड्यासारखं निवडून बाजूला ठेवलं.

ती पेवं मी पाहिलीत, डासांच्या सर्व्हेला गेले तेव्हा.
महापुरानंतर कुणी भरली नाहीत.
एकात टॉर्च मारला,
तर खालचं पाणी वळवळत होतं.
जागांचीही कामं बदलतात,
कुणाच्या सहीशिवाय.

आठव्या आठवड्याला
त्यांनी टेबलावर मूठ ठेवली.
"बघ."
करंगळी अजून बाहेर होती, बाकीची आत.
मी मोजलं, आकडा लिहिला,
चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.
पट्टीत गोळी होती की नुसता खडू,
ते बंद लिफाफ्यात आहे
आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही.
काही बोटं नुसत्या दिवसांनीही सुटतात.
शून्य-चार-आठ, कर्नाळचा पोरगा,
तशीच पट्टी, त्याच वेळा,
त्याला अजून शर्टाचं बटण लागत नाही.

उठता उठता त्यांनी विचारलं,
"उद्या कळलं, ही न्हवंच ती. मग?"
मग तसं लिहून ठेवू.
म्हणजे त्या खड्ड्यात पुन्हा कुणी उतरणार नाही.

थोडा वेळ पंख्याचाच आवाज.
"म्हंजी कंदील मी," त्या म्हणाल्या,
रागानं नाही, हिशेब लागल्यासारखं.

मला उत्तर सुचेपर्यंत
त्यांनी बसभाड्याचे साठ रुपये मोजले,
आणि त्यातली दहाची फाटकी नोट
बदलून मागितली.